परत आणायची पद्धत

सरकारी नोटीस घेऊन स्वतःची मुलगीच दारात आली, तर आधी चहा द्यावा की आधी नोटीस घ्यावी, याचा कुठे नियम नाही. मी चहा दिला. चहा संपल्यावर ऋजुताने कप विसळून पालथा घातला, ओढणीला हात पुसले आणि लघु-आकाश प्राधिकरणाचा तो कागद माझ्यापुढे ठेवला.

"आई, शांतपणे वाच. आणि ओरडू नकोस."

मी वाचलं आणि ओरडले.

नोटीस माझ्या नावे होती. विद्युल्लता कुंभोजकर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, जत; भुईनळा क्लबच्या संस्थापक. हुल्याळच्या माळावर आम्ही दर रविवारी मुलांना घेऊन पुठ्ठ्याची रॉकेटं उडवतो. हातभर लांबीची नळी, वर टोपी, खाली बाल्साच्या हलक्या लाकडाचे चार पंख आणि आत बोटाएवढं इंजिन. बत्ती दिली की रॉकेट पन्नास मजली इमारतीएवढं उंच जातं आणि परत येतं. नोटिशीप्रमाणे येत्या महिन्यापासून ते फक्त एकाच पद्धतीने परत येणार होतं. प्राधिकरणाच्या 'स्वगृह' यंत्रातून.

या यंत्राला सगळा जिल्हा कबुतर म्हणतो. अंगठ्याएवढं असतं. रॉकेटच्या पोटात बसवायचं. रॉकेट शिखरावर पोचलं की कबुतर आपले चार पातळ पापुद्रे बाहेर काढतं. हे पापुद्रे एका खास प्लास्टिकचे असतात. विजेचा बारीकसा प्रवाह दिला की ते स्नायूंसारखे आखडतात आणि सैल होतात. कबुतर वारा मोजतं, क्षणाक्षणाला पापुद्रे वळवतं आणि रॉकेटला बरोबर निघालेल्या जागी आणून उभं करतं. सोसाट्याच्या वाऱ्यातसुद्धा. मी फिजिक्स शिकवलेली बाई आहे, त्यामुळे खोटं बोलणार नाही. यंत्र अफलातून आहे. त्याचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांत माझी मुलगी आहे, हे मी गावभर सांगत फिरलेही होते.

नियमामागचं कारणही खोटं नव्हतं. आता आभाळ मोकळं राहिलेलं नाही. औषधं, टपाल, द्राक्षांवरची फवारणी, सगळं डोक्यावरून उडत जातं आणि त्याला रस्ते आखून दिलेत. वाऱ्यावर वाहत जाणारं पॅराशूट त्या रस्त्यात आडवं आलं तर पंचाईत.

"मग रविवारी सकाळी आमच्या माळावरचा रस्ता बंद ठेवा," मी म्हणाले.

"तो तसाही बंदच असतो. प्रश्न खाली पडण्याचा आहे. कुठे पडेल ते सांगता यायला हवं."

"ते सांगायलाच तर मी मुलांना शिकवते!"

हे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण भांडण इथेच आहे. रॉकेट वर जाण्यात मुलाचं कर्तृत्व फारसं नसतं. ते काम इंजिन करतं. डोकं लागतं ते खाली आणायला. इंजिन विझल्यावर त्यातलाच एक छोटा बार उलटा उडतो, टोपी सुटते आणि तुम्ही आत जे भरलं असेल ते बाहेर येतं. काय भरायचं? पॅराशूट भरलं तर रॉकेट सावकाश येतं, मोडत नाही, पण जितका वेळ हवेत तितकं वाऱ्याबरोबर लांब जातं. लांब कागदी पट्टा भरला तर तो नुसता फडफडतो. रॉकेट दुप्पट वेगाने उतरतं, फार वाहवत नाही, पण मुरमावर आदळतं. रॉकेट अगदी हलकं असेल तर काहीच न भरता गडगडत येऊ द्यायचं. हळदवेलीचं बी तीन पंखांवर गरगरत पडतं, तशी पाती लावून भिंगरीसारखंही उतरवता येतं. म्हणजे हळू यावं की जवळ यावं, यातलं एक निवडावं लागतं. दोन्ही पुरतं मिळत नाही. बारा वर्षांचं पोर माळावर उभं राहून, धूळ कुठे उडते ते बघून, ओठ चावत हे ठरवतं. मला त्या चावलेल्या ओठासाठी क्लब चालवायचा असतो.

गेली दोन वर्षं आम्ही प्राधिकरणाने फुकट दिलेली कबुतरं लावली. पोरं बटण दाबायची आणि मोबाईल बघत उभी राहायची. रॉकेट आपोआप पायाशी यायचं. मग पोरं येईनाशी झाली.

"तुला आठवतं, माझं पिवळं रॉकेट?" ऋजुताने विचारलं.

आठवत होतं. नऊ वर्षांची होती. पिवळ्या कापडाचं पॅराशूट तिने स्वतः शिवलं होतं, चांगलं मोठं. ते उघडलं आणि खाली यायच्याऐवजी वरच जात राहिलं, ठिपका होऊन गेलं. आम्ही संध्याकाळपर्यंत शोधलं. ती जेवली नव्हती.

"कुठल्याही मुलाचं रॉकेट हरवू नये म्हणून मी कबुतर केलं, आई. तुला छळायला नाही."

मी आणखी चिडले. "हरवण्याची भीतीच काढून टाकलीस तर सापडण्याचा आनंद काय राहिला? मी सही करणार नाही. क्लब बंद करा."

तिने नोटीस उलटी केली. मग नोटिशीच्या मागच्या बाजूला बोट ठेवून म्हणाली, "कलम सात वाच. तेही मीच लिहिलंय."

कलम सात सूट देणारं होतं. एखाद्या क्लबने यंत्राशिवाय एकच रॉकेट, दुरुस्ती न करता, लागोपाठ तीन वेळा उडवून 'संमती असलेल्या जमिनीच्या हद्दीत' धड उतरवून दाखवलं, तर त्या क्लबला यंत्राची सक्ती नाही.

"परीक्षा कोण घेणार?"

"मीच. मोजमाप कॅमेरा करतो, मी फक्त नोंद करते. आणि जत म्हटल्यावर दुसरं कोणी यायला तयार नव्हतं."

"माया दाखवशील?"

"अजिबात नाही," ती म्हणाली. माझीच मुलगी.

*

रविवारी माळावर इरफान मुजावर माझ्याआधी पोचला होता. इरफानचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे आणि क्लबची सगळी पॅराशूटं त्याच्या दुकानात शिवली जातात. क्लब सुरू झाला तेव्हापासून तो माझ्याबरोबर आहे आणि तेव्हापासून माझं काही ऐकत नाही. त्याने फक्कीने मोठं पांढरं वर्तुळ आखून ठेवलं होतं. ग्रामपंचायतीने आम्हाला दिलेलं गायरान तेवढंच. आमची हद्द तीच.

"बाई, गूळ आणलाय का?" त्याने विचारलं.

"गूळ कशाला? आज काय कुणाच्या रानात पाडायचंय? वर्तुळात उतरवायचंय."

"ते बी खरंच," तो म्हणाला.

गुळाची आमची जुनी पद्धत. ज्याने उडवलं त्यानेच आणायचं, आणि ज्याच्या रानात पडलं त्याच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवायचा. रॉकेट मग मागायचं. या पद्धतीमुळे माळाभोवतालचं एकेक शेत आणि त्यातली माणसं आमच्या पोरांना नावानिशी ठाऊक होती. कबुतर आल्यापासून कुणाच्या रानात काही पडलं नाही आणि गुळाचा डबा माझ्या फडताळात मागे गेला.

ऋजुता गाडीतून उतरली. कॅमेरे उभे केले, हातात टॅब घेतला आणि मला "नमस्कार, मॅडम" म्हणाली. मीही "नमस्कार, साहेब" म्हणाले. इरफान तोंड फिरवून हसला. क्लबची पोरं आणि त्यांचे आईबाप दोरीपलीकडे बसले होते. गेल्या दोन वर्षांत इतकी गर्दी झाली नव्हती.

पहिल्या उड्डाणाला सकाळची हवा पडलेली होती. पॅराशूट भरलं. त्या उलट्या बाराच्या ठिणग्यांनी कापड जळू नये म्हणून तुरटीच्या पाण्यातून काढून वाळवलेला कागद खाली कोंबला. रॉकेट सुसाट गेलं, लाल-पांढरी छत्री उघडली आणि रेंगाळत वर्तुळाच्या जवळजवळ मध्यात उतरली. पोरं ओरडली. ऋजुताने पंख, नळी, टोपी तपासली आणि टॅबवर टिकटिक केलं.

"एक," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं.

दुसऱ्या उड्डाणापर्यंत वारा सुटला. जमिनीवरची धूळ उत्तरेकडे चालली होती, पण रॉकेट जमिनीवर नसतं. मी पोरांना पलीकडच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दाखवल्या. चक्कीचं तोंड कायम वाऱ्याकडे असतं. चक्क्या पश्चिमेकडे तोंड करून होत्या, म्हणजे वरचा वारा पश्चिमेचा. पॅराशूट आता वर्तुळात राहणं शक्य नव्हतं. मी पट्टा घेतला, घड्या घालून भरला आणि रॉकेट जिच्यावरून सुटतं ती सळई थोडी पश्चिमेकडे कलती केली. वाऱ्याच्या तोंडावर पाठवायचं आणि वाऱ्यालाच परत आणायला लावायचं.

ते आलं. फडफडत, भराभर, ओळीच्या आत. पण मुरमावर पंखाने आदळलं.

ऋजुताने उचललं, भिंग लावून बघितलं. पंख जागेवर होता, मात्र बुडाशी केसाएवढी चीर गेली होती. "मोडलेलं नाही. चालेल. दोन." मग सावकाश म्हणाली, "डिंक लावता येणार नाही, मॅडम. दुरुस्ती चालत नाही."

"कळतं मला."

इरफान मला बाजूला घेऊन गेला. ऊन चढलं होतं, वारा वाढला होता. "बाई, पट्टाच भरा. वर्तुळात तर येईल."

"येईल. आणि तो पंख तुटून येईल. धड उतरलं पाहिजे असं लिहिलंय."

"आणि छत्री भरली तर?"

"पंख वाचेल. रॉकेट ओळीच्या बाहेर जाईल."

"म्हणजे दोन्हीकडून आपण गेलो."

दोन्हीकडून गेलो होतो. मी माळाकडे बघितलं. समोर पोरं बसली होती. पुढच्या रविवारी त्यांच्या हातात काय असणार, बटण की निवड, ते या एका उड्डाणावर होतं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला नियमाची, वर्तुळाची, फक्कीची, सगळ्याचीच चीड आली. माझं रॉकेट मी कुणाच्या रेघेत बसावं म्हणून मोडून घेणार नव्हते.

"मोडून आत पडण्यापेक्षा धड राहून बाहेर पडू दे," मी म्हणाले. "छत्री दे. मोठी."

"मोठी?"

"सगळ्यांत मोठी. हरायचंच असेल तर पोरांना नीट बघू दे, पॅराशूट म्हणजे काय असतं ते."

इरफानने कपाळाला हात लावला आणि पिशवीतून मोठी छत्री काढली. ऋजुताने ती बघितली. टॅबवरचं तिचं बोट थांबलं. काय होणार ते तिलाही कळत होतं. शेवटी शिकवलेली माझीच.

सळई मी पश्चिमेकडे जेवढी कलती करता येईल तेवढी केली. बत्ती दिली. रॉकेट वाऱ्याच्या अंगावर धावून गेल्यासारखं गेलं. टोपी सुटली. छत्री उघडली. आणि खाली यायचं सोडून तिथेच थांबली.

तापलेल्या मुरमाने हवा तापवली होती. तापलेली हवा वर चढते. आमची छत्री तिने अलगद उचलून धरली होती. रॉकेट खाली येईना, पुढे मात्र सरकत चाललं. वर्तुळावरून गेलं, दोरीवरून गेलं, पोरांच्या डोक्यांवरून गेलं. आणि मग पोरं उठली. कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं जी जागची हलली नव्हती ती सगळी पोरं वर बघत, ठेचकाळत रॉकेटमागे धावत सुटली. मी साठीची बाई, पदर खोचून त्यांच्यामागे. मला हरल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं.

*

ते मलकव्वाच्या रानात पडलं. पडायला दुसरं रान नव्हतं जणू.

मलकव्वा बिराजदार म्हणजे या पट्ट्यातलं सगळ्यांत तिखट तोंड. जुन्या दिवसांत तिच्या तुरीत रॉकेट पडलं की पोरं चिठ्ठ्या टाकायची, कुणी जायचं म्हणून. ती आधी शिव्या द्यायची, मग गूळ तोंडात टाकायची, मग रॉकेट द्यायची. आज ती बांधावर बसली होती आणि आमचं रॉकेट तिच्या मांडीवर होतं. छत्रीची तिने नीट घडी घातली होती.

"कोन त्ये? बाई व्हय?" तिने डोळ्यांवर हात धरला. "दोन वर्सं तोंड दावलं न्हाईसा. मला वाटलं, म्येलासा."

"मेले नाही, मलकव्वा. मशीन आलं होतं."

"मशीन आलं म्हून मानसं यायची ऱ्हात्यात व्हय?"

मी खाली बघितलं. खरंच लाज वाटली.

ऋजुता धापा टाकत आली. तिने मलकव्वाच्या मांडीवरच रॉकेट निरखून बघितलं. पंख, नळी, टोपी, सगळं धड. मग ती मलकव्वासमोर उकिडवी बसली.

"आजी, ही जमीन तुमची ना? यात हे उतरायला तुमची संमती आहे का?"

इरफानने माझा दंड घट्ट धरला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नियमात वर्तुळ नव्हतंच. संमती असलेली जमीन होती. वर्तुळ आम्हीच आखून बसलो होतो.

"हाय की," मलकव्वा म्हणाली.

पोरांनी आरोळी ठोकली. ऋजुताने हात वर करून त्यांना गप्प केलं. "थांबा. आत्ता दिलेली चालत नाही. उडवायच्या आधीची लागते. आजी, आज सकाळच्या आधी तुम्ही या लोकांना कधी हो म्हणाला होता का?"

मला तिचा गळा दाबावासा वाटला. माया दाखवणार नाही म्हणाली होती ती, पण इतकी?

मलकव्वाने विचार केला. "व्हय कशाला म्हनू? म्या तर श्याच दिल्या."

पलीकडे तुरीत एक बुजगावणं उभं होतं. त्याच्या अंगावर आमच्याच जुन्या फाटक्या छत्र्या होत्या, लाल, निळ्या, ठिपक्यांच्या. ऋजुता तिकडे बघत होती. मला कळलं ती काय शोधतेय. पिवळं त्यात नव्हतं. गेलं ते गेलंच.

"पर गूळ खाल्लाय की म्या," मलकव्वा म्हणाली.

"काय?"

"एवढी वर्सं ह्यांचा गूळ खाल्लाय. गूळ खाल्ला म्हंजी काय असतंय, तुला आयनं शिकिवलं न्हाई व्हय? माझ्या ल्येकीची सोयरीक जमली तवा कुटं कागूद व्हता? गूळच व्हता. आजून नांदतीया." आणि तिने ऋजुताच्या टॅबकडे हनुवटी उडवली. "ल्ही त्यात. मलकव्वानं गूळ खाल्लाय म्हून ल्ही."

ऋजुता टॅबवर कलम सात उघडून बराच वेळ वाचत बसली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. 'संमती' असा शब्द होता. 'लेखी' असा शब्द नव्हता.

"तू लिहिलंयस ना हे?" मी विचारलं. "लेखी घालायचं राहिलं, की घातलं नाहीस?"

"आता आठवत नाही," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मग तिने रॉकेट न्यायला हात पुढे केला. मलकव्वाने ते छातीशी धरलं आणि दुसरा हात पालथ्याचा उताणा केला.

"आन् आजचा कुटाय?"

मी इरफानकडे बघितलं. इरफानने माझ्याकडे बघितलं. सकाळी त्याने विचारलं होतं आणि मी त्याला उडवून लावलं होतं. कबुतर नसताना गुळाशिवाय कधी माळावर गेले नव्हते, आणि गेले ती आज. "मलकव्वा, पुढच्या रविवारी दुप्पट देते."

"आज पडलंय तर आज. गुळाबिगर देत न्हाई."

"आजी, वेळेत नोंद करावी लागते. रॉकेट हातात असल्याशिवाय मला नोंद करता येत नाही," ऋजुता म्हणाली.

"मग पळ की. दुकान काय लांब हाय? एवढीशी व्हतीस तवा तर हरणीवानी पळायचीस." मलकव्वाने तिला ओळखलं होतं. "तूच न्हवं ती, पिवळ्या फडक्यासाठी रडल्याली?"

ऋजुता उभी राहिली. प्राधिकरणाच्या साहेबांनी टॅब माझ्या हातात दिला, गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात कोंबलं, चपला बांधावर सोडल्या आणि ती तुरीच्या कडेने हुल्याळच्या दिशेने पळत सुटली. नऊ वर्षांची असताना पळायची तशीच, कोपर बाहेर काढून. सगळी पोरं तिच्यामागे.

परत आली तेव्हा चेहरा लाल, पायांत काटे, हातात पुडीभर गूळ. तिने त्यातला मोठा खडा मलकव्वाच्या हातावर ठेवला. मलकव्वाने तो तोंडात टाकला, सावकाश चघळला, नवा गूळ चिकट आहे म्हणून नावं ठेवली आणि मग रॉकेट दिलं.

बांधावर बसून ऋजुताने नोंद पुरी केली. उड्डाण तिसरं. रॉकेट धड. जमीन संमतीची. मग टॅबवर प्रश्न आला: परत आणण्याची पद्धत? खाली यादी होती. कबुतर, पॅराशूट, पट्टा, भिंगरी, इतर.

"पॅराशूट की," इरफान म्हणाला.

"पॅराशूटने तर घालवलं होतं," ती म्हणाली. तिने 'इतर'वर बोट ठेवलं. पुढे रिकामी चौकट उघडली. तिने चिकट बोटांनी दोन अक्षरं लिहिली, गूळ, आणि नोंद पाठवून दिली.

"वरचे लोक विचारतील ना तुला?" मी म्हणाले. मघाची सगळी चीड गेली होती आणि आता मला तिच्या नोकरीची धास्ती वाटत होती.

"विचारू देत." तिने पायातला काटा काढला, उरलेला गूळ पुडीत नीट बांधला आणि पुडी माझ्या हातात न देता स्वतःच्या पिशवीत ठेवली. "विचारायला इथेच यावं लागेल त्यांना. रविवारी या म्हणून सांगेन."